बाकावरून सतरंजीवर

देवाशी भांडायची माझी छाती नव्हती, म्हणून मी पाळकसाहेबांशी भांडत होतो. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी हे तरुण पाळक वर्ध्याच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये आले आणि आल्याआल्या त्यांनी बाकं हलवली. म्हणे, आपण इथलीच माणसं, इथल्यासारखं खाली बसून भजन करू. सतरंजी आली, ढोलक आली, चपला दाराबाहेर गेल्या. मी जन्मभर गोऱ्या साहेबांच्या बाकावर, बूट घालून, ताठ बसून प्रार्थना केलेली. "बाकं गेली तर मीही गेलो," असं भर सभेत बोलून बसलो. खरं कारण गुडघे होते. खाली बसलो की मला एकट्याला उठता येत नसे, आणि चारचौघांत हात मागण्यापेक्षा धर्म बुडाल्याची ओरड करणं सोपं गेलं.

एक बाक ओढून मी व्हरांड्यात नेलं आणि दर रविवारी तिथेच बसू लागलो. मंडळी आत, मी बाहेर, शेजारी चपलांचा ढीग. चपला राखणारा म्हातारा समजून एका पाहुण्याने माझ्याकडे छत्रीसुद्धा सोपवली. असा संताप आला म्हणता!

पण ईस्टरला, म्हणजे पुनरुत्थानाच्या रविवारी, नातीचा बाप्तिस्मा ठरला. लेकीला लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली पोर ती. बायको म्हणाली, "आजोबा दिसला नाई तं चालते पोरीले. पन खिडकीतून डोकावनारा आजोबा तिनं काऊन पाहावा?"

त्या सकाळी बाकापुढे उभा राहून मी प्रार्थना केली, "प्रभू, मी खाली बसावं अशी तुझी इच्छा असेल, तर तूच बसव." वाटलं, देव काही एवढं मनावर घेणार नाही. आमेन म्हणून टेकलो, तर बाकाचा वाळवीने पोखरलेला पाय कडाडकन मोडला आणि मी थेट उंबऱ्यात आदळलो. आतलं गीत थांबलं.

सगळ्यांच्या आधी ढोलकवाला धावला. तो पिपरीच्या भजनी मंडळातला, आमच्यातला नव्हेच. पाळकसाहेबांनी त्या दिवसापुरता विनवून आणलेला. "लागलं का काकाजी? हलू नका, बूट काढून राह्यलो," म्हणत त्याने माझे बूट उतरवले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला, तो सगळ्या मंडळीने पाहिला. मग काखेत धरून त्याने मला आत आणलं आणि सतरंजीवर भिंतीशी टेकवलं.

बाप्तिस्म्याची वेळ आली. घरचे सगळे पुढे जाऊन उभे राहिले. मी उठायला गेलो, जमेना. पुन्हा गेलो, जमेना. लेक मागे वळून माझी वाट पाहत होती. शेवटी सर्वांदेखत माझ्या तोंडून निघालं, "पोरी, मले उठता येत नाई व."

पाळकसाहेबांनी पाण्याचं भांडं उचललं, माझ्यापुढे येऊन मांडी घातली आणि नात माझ्या मांडीवर ठेवायला लावली. पाणी पडताच तिने टाहो फोडून असे हातपाय झाडले, की अर्धं पाणी माझ्या बाहीत गेलं. मीही रडत होतो. मी देवाकडे नेहमी गुडघ्यांत बळ मागत आलो. त्याने माझ्याजवळ माणसं पाठवली. ते मला कळायला आपटावं लागलं, त्याबद्दलही त्याचे उपकार.

आता दर रविवारी शेवटचं आमेन झालं की मी दोन्ही हात वर करतो. नवख्यांना वाटतं, म्हातारा स्तुती करतोय. मंडळीला ठाऊक असतं, याला उठवायचंय. दोन्ही खरं आहे.