दोन गाइड आणि पासलीचं इरलं

"थांबा हं, दुसऱ्या सासूला विचारते," असं म्हणून बाई एक फोन उजव्या कानाला लावायच्या, दुसरा डाव्या. उजव्यात "हो सर", डाव्यात "हो मॅडम". आणि मधल्या डोक्यातून, मंडळी, निघणारी वाफ मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

लग्न झालेलं नव्हतं बाईंचं. सासवा म्हणजे त्यांचे दोन गाइड. बाईंची पीएच.डी. भागीदारीतली होती, अर्धी विद्यापीठाची, अर्धी पुण्यातल्या एका विज्ञान संग्रहालयाची. विषय मात्र एकच, शेतकऱ्याचं इरलं. बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं, भातलावणीला वाकल्यावर पाठ कोरडी ठेवणारं. विद्यापीठाचे सर विचारायचे, "सिद्धांत कुठाय?" संग्रहालयाच्या मॅडम विचारायच्या, "वस्तू कुठाय?"

मी उत्रोलीचा जीपवाला. भोरपासून वेल्ह्यापर्यंत बाईंना फिरवायचं काम माझ्याकडे. डोंगरात रेंज नाही, म्हणून फोनसाठी बाई जीपच्या टपावर चढायच्या. एकदा दोन्ही सासवा एकदम बोलायला लागल्या आणि बाई उतरेचनात. मी तशीच गाडी हाकत शिवऱ्यापर्यंत नेली. हायवेवर लोकांनी देवीची मिरवणूक समजून हात जोडले, एकाने नारळ वाढवला. खोबरं चांगलं निघालं.

तीन पावसाळे हिंडल्यावर पासलीत एका आजींकडे हवं तसं इरलं सापडलं. जुनं, भोकाभोकाचं, चिखलानं माखलेलं. मॅडम फोनवर हरखल्या. "जसं आहे तसंच हवं. चिखलसुद्धा पुसायचा नाही!"

बाईंनी आजींना पुन्हा पुन्हा बजावलं.

"व्हय गं बाय," आजी म्हणाल्या. "लावणी उरकली की ने."

लावणी उरकली. इरलं बघायला दोन्ही गाइड एकत्र निघाले. मागच्या सीटवर बसून दोघं दोन खिडक्यांतून दोन वेगळे डोंगर बघत होते. पुढे माझ्या शेजारी बाई पांढऱ्याफटक.

"वस्तू पसंत पडली नाही तर विषयच रद्द," त्या हळूच म्हणाल्या. "सगळी वर्षं पाण्यात."

आजींनी मोठ्या थाटात इरलं बाहेर आणलं. कामट्या नव्या. पळसाची पानं ताजी, हिरवीगार. वर निळा प्लास्टिकचा कागद, आणि कडेनं साडीची लाल किनार शिवलेली.

"आजी, जुनी पानं?"

"बंबात घातली. पानी लई झ्याक तापलं."

"पण मी काय सांगितलं होतं?"

"अगं, लेक सासरी धाडताना फाटकं नेसवून धाडत्यात व्हय? मान्सं काय म्हनतील, पासलीत सुई-दोरा न्हाई?"

"आणि हा कागद?"

"तुमच्या त्या संग्रहालयाचं छप्पर गळलं म्हंजी?"

मॅडम म्हणाल्या, "ही वस्तू नव्हे." सर म्हणाले, "मग विषय बदला." इतक्या वर्षांत दोन्ही सासवांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही सुनेला घराबाहेर काढण्यावर.

बाईंनी दोन्ही फोन माझ्या हातात कोंबले.

"नाही बदलणार!" त्या कडाडल्या. "इरलं दरवर्षी शाकारतात. शाकारायचं थांबलं की ते इरलं राहत नाही, सरपण होतं. मी हेच नेणार, निळ्या कागदासकट!"

आवाज असा की समोरच्या डोंगरावरची गुरं संध्याकाळ झाली समजून घरी परतली.

तेवढ्यात पाऊस कोसळला. वेल्ह्याचा पाऊस थेंब मोजत बसत नाही, घागरीच उपड्या करतो. सरांनी कुणालाही न विचारता इरलं डोक्यावर घेतलं आणि बांधावरून जीपकडे धूम ठोकली. मागून मॅडम, चिंब भिजलेल्या, हात पसरून ओरडत, "अहो सर, उतरवा! वस्तू भिजतेय! आपली वस्तू!"

बाई चिखलात थबकल्या. "मॅडम, काय म्हणालात?"

मॅडमही थबकल्या. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू पसरलं.

"भिजाया तर केलीय ती!" ओसरीवरून आजी ओरडल्या.

जीपमध्ये सर स्वतःची पाठ चाचपत बसले होते. "एक थेंब नाही हो आत," असं ते भोर येईपर्यंत म्हणत होते. संमतीच्या दोन्ही सह्या माझ्या मागच्या सीटवर झाल्या. त्या सीटवर मी तेव्हापासून बकरी बसवत नाही.

बाई डॉक्टर झाल्या आणि नोकरीला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या. जाताना संग्रहालयाकडून एक गोष्ट कबूल करून घेतली, दरवर्षी इरलं शाकारायला आजींनाच बोलवायचं. म्हणून मी दरसाल आजींना आणि पळसाच्या पानांच्या भाऱ्याला घेऊन पुण्याला जातो. रखवालदार काचेचं कपाट उघडतो, आजी चकचकीत फरशीवर पाय पसरून बसतात.

"ती पोर न्हाई आली?" यंदा त्यांनी विचारलं.

"लांब असते, आजी."

"वाळली आसंल." त्यांनी ओच्यातून इंद्रायणी तांदळाची पुरचुंडी काढून रखवालदाराच्या हातात ठेवली. "आली की द्या तिला."

बिचाऱ्याला ठेवायला जागा सुचेना. त्यानं ती कपाटातच, इरल्याशेजारी ठेवली आणि कुलूप लावलं. अजून तिथंच आहे. शाळांच्या सहली येतात, इरल्याकडे एक नजर टाकतात, आणि पुरचुंडीसमोर दाटीवाटीनं उभ्या राहून फोटो काढतात.