भाईदासनं डेरगं आणलं नाही

भाईदासला चहा करता येत नव्हता. ही चहाडी नाही, सारा गाव जाणतो. एकदा त्याची बायको बेबाबाई बहिणीकडं पिंपळनेरला लग्नाला गेली, तेव्हा हा गडी सकाळीच माझ्या ओट्यावर येऊन उभा. म्हणतो, "नाना, दूध आधी टाकतात का पाणी?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस? मला आयता मिळतो." मग आम्ही दोघं शहाणे त्याच्या घरी गेलो आणि चहा केला. तो म्हशीच्या घमेल्यात ओतला तर म्हशीनं मान फिरवली. बेबाबाईनं परत आल्यावर पातेलं उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, "यामा काय डांबर वितळावं व्हतं का?"

आमचं गाव पारोळ्याच्या आत, कपाशीचं. भाईदासची जमीन माझ्या बांधाला लागून. गडी कामाचा वाघ, पण घरात त्याला सगळं अर्धंच येई. म्हणजे कसं, बेबाबाई पापडांसाठी ज्वारीचा घाटा शिजवी आणि हा पातेलं उतरवी. ती शेवया काढी, हा बाज उन्हात ओढी. ती गोधड्या आपटी, हा दुसऱ्या टोकाला धरून पिळी. "ओ दिपमालाना बाप, तिकडून धर!" अशी हाक आली की हा पत्त्यांचा डाव टाकून पळायचा. पारावर सगळे हसायचे. तोही हसायचा, पण पळायचा. त्यामुळं प्रत्येक कामाचा शेवट त्याला पाठ होता, सुरुवात कुठून होते ते मात्र ठाऊक नव्हतं.

आणि ही सगळी कामं आखाजीच्या आधीची. दिवाळी साऱ्या मुलखाची, पण आखाजी आमच्या खान्देशाची. अक्षय्य तृतीयेला सासरच्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. बाप्ये पत्ते कुटतात. सालदाराचं साल त्याच दिवशी पालटतं. लेक यायच्या आत वर्षाचं धान्य उन्हं खाऊन कोठीत गेलं पाहिजे, मिरच्या कुटून झाल्या पाहिजेत, बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, कुरडया, शेवया डब्यात, गोधड्या धुतलेल्या, भिंती रंगवलेल्या. होळीची राख निवली की बेबाबाई पदर खोचायची, तो आखाजीलाच सोडायची. त्यांना एकच लेक, दिपमाला, सुरतेला दिलेली. ती आली की तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसे. "तठे करस ना साल भर? इठे झोका खेळ."

आखाजीला आणखी एक काम असतं. पितरांसाठी कुंभाराकडून मातीची घागर आणायची, पाणी भरायचं, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या ठेवायच्या, गेलेल्यांची नावं घ्यायची. पण ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल, तिथं साधी घागर चालत नाही. तिथं मोठं मडकं लागतं, त्याला डेरगं म्हणतात. डेरगं भरलं की ते माणूस पितरांच्या पंगतीला बसलं. तोवर त्याला कुणाच्याच घागरीतलं पाणी पोचत नाही, अशी आमची समजूत.

गेल्या मार्गशीर्षात, कपाशीची वेचणी चालू असताना, बेबाबाई गेली.

पोटात दुखतं म्हणून धुळ्याला नेली. आतड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, सकाळपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. डॉक्टरचं बरोबरच होतं, त्याच्यावर कुणाचा राग नाही. भाईदास उशाशी बसलेला. ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवायचा, बस, तेवढंच. ती म्हणाली, "घोटभर दे ना. कोन दखी राहिनं?" हा म्हणाला, "सकायले पोटभर पी." जन्मभर बायकोचं ऐकलं आणि त्या एका रात्री डॉक्टरचं ऐकलं. सकाळ उजाडायच्या आणि दिपमाला सुरतेहून पोचायच्या आत बेबाबाई गेली होती. हे त्यानं फक्त मला सांगितलं, तेही दहाव्याच्या दिवशी, नदीवरून परतताना.

तर होळी झाली, आणि भाईदासनं पदर खोचला. पदर नाही, धोतराचा सोगा म्हणा. आधी त्यानं ज्वारी भिजत घातली.

शेजारची कोकिळा भिंतीवरून बघत होती. जिभेची तिखट, पण बेबाबाईची जिवाभावाची. ती म्हणाली, "भाऊ, दुःखनं साल शे. आपला घर बिबडा घालतस नई. आम्ही देसूत ना."

"पोर माहेरले येई आनि लोकेसना घरना बिबडा खाई?"

"लोके? मी लोके का रे?"

"तू नई अक्का. पन तिनी माय करे ना, तसं घरनं पाहिजे."

 ज्वारी भिजली, घाट्याचा दिवस आला, तेव्हा कोकिळानं कमरेवर हात ठेवून पातेल्यात डोकावलं. भाईदासनं अंगणात चूल मांडली होती आणि घाट्यात दोन्ही हातांनी दांडका फिरवत होता, नावाडी वल्हं मारतो तसा. मीठ एकदा टाकलं होतं, टाकलं की नाही म्हणून परत टाकलं होतं. लसूण अख्खा. कोकिळा म्हणाली, "हाऊ घाटा शे का भितीले लावाना गारा?"

मी हसून लोळलो. भाईदासही हसला. बायको गेल्यापासून त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण दांडका त्यानं कोकिळाच्या हाती दिला नाही. ती नुसती सांगत राहिली, आता तीळ टाक, आता आच कमी कर, आणि हा करत राहिला. गच्चीवर बेबाबाईचं जुनं लुगडं अंथरून बिबडे घातले. कावळे हाकायला मला बसवलं. कावळ्यांनी किती खाल्ले आणि मी किती, ते विचारू नका. अर्धवट वाळलेला बिबडा शेंगदाण्याबरोबर खाऊन बघा, मग बोला.

मग शेवया. यंत्राची चक्ती त्यानं उलटी बसवली, शेवया निघाल्या दोराएवढ्या. मग मिरच्या. दोन दिवस सारी गल्ली शिंकत होती, एसटीतून उतरणारा माणूससुद्धा शिंकत उतरे. गोधड्या विहिरीच्या हौदावर धुतल्या. दुसरं टोक धरायला मी. पिळता पिळता तो थांबला, हातातल्या टोकाकडं बघत राहिला, आणि म्हणाला, "नाना, उलटं पिळतोय का आपण?" उलटं नव्हतं. आजवर त्यानं दुसरं टोकच धरलं होतं, हे पहिलं होतं.

आणि रोज कुणीतरी विचारी, "भाईदासभाऊ, डेरगं सांगं का वनाले?"

"सांगू."

वना आमचा कुंभार. शेवटी तो स्वतःच आला. "भाऊ, मोठ्ठं मडकं शे, मडका भाजाले आवा लावाना शे मले. सांगी ठेव."

"माले कोठीले शेण लावानं शे आज," भाईदास म्हणाला आणि वनाच्या हातावर बिबडा ठेवला. वना बिबडा खात खात गेला, ऑर्डर घेतल्याशिवाय.

भावकीत कुजबुज सुरू झाली. कोकिळानंही तोंडावर सुनावलं, "जे कराले नको ते बठ्ठं करी राहिना, आनि जे कराले पाहिजे ते नाव नई." खरंच होतं ते. दुःखाच्या वर्षात कुणी भिंती रंगवतं का? यानं आकाशी रंग आणला, बेबाबाईच्या आवडीचा. तो भिंतीचे जुने पोपडे खरवडत असताना मी विषय काढला. म्हटलं, "भाईदास, पाणी द्यावं लागतं रे. ती वाट बघत असेल."

त्यानं खरवडणं थांबवलं नाही. भिंतीकडं तोंड करूनच बोलला.

"नाना, जित्तेपणी जिनं पाणी मागितलं तिला मी दिलं नाही. आता कोणत्या तोंडानं मडकं भरू? ती म्हणणार नाही का, आता आलास होय?"

माझ्याकडं प्रत्येक गोष्टीवर एक गोष्ट असते. लोक कंटाळतात इतक्या असतात. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "तुझा काय दोष रे?" मी खाली पडलेले पोपडे गोळा करून बाहेर टाकून आलो.

आखाजीच्या आदल्या दिवशी दिपमाला आली. अमळनेरला गाडीतून उतरली, तिथून एसटीनं. जावई हितेंद्र कारखान्यातून सुटी मिळाली नाही म्हणून पोरांना घेऊन मागं राहिला होता. भाईदास सकाळपासून दारात, शाळा तपासायला साहेब येणार म्हणून गुरुजी उभे राहायचे तसा. पांढरा शर्ट, तेल लावलेले केस. मी आणि कोकिळा ओट्यावर.

पोरगी उंबऱ्यात थबकली. आकाशी भिंती. भिंतीशी गोधड्यांची चळत. मांडणीवर डबे, मोठा मागं, लहान पुढं, तिची माय लावायची तसेच. तिनं एक उघडला. बिबडे. दुसरा उघडला. शेवया. तिनं एक शेवई उचलून उजेडात धरली.

"आबा, हाई शेवई शे का चऱ्हाट?"

"शिजाडं म्हंजे फुगी ना, तवा आनखी जाड व्हई," कोकिळा म्हणाली, आणि सगळे हसलो. हसता हसता पोरगी डब्यावर डोकं टेकून रडली. भाईदास तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला, हाताला रंग लागलेला होता म्हणून मागं घेतला.

"तुले काहीच कराले लागाव नई," तो म्हणाला. "बठ्ठं झायं. चाल, झोका बांधेल शे."

तिला त्यानं लिंबाखाली नेलं, झोक्यावर बसवलं आणि मागून हलका झोका दिला. दोन पोरांची आई, पण पाय लांब करून बसली. भाईदासचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, बरं झालं, पोरीनं माहेर जसंच्या तसं बघितलं. झोका वर जायचा तेव्हा उघड्या दारातून घराचा कोपरा दिसायचा, पाण्याच्या मडक्यांचा. दोनदा वर गेली. तिसऱ्यांदा तिनं पाय खाली टेकवले.

"आबा, मायनं डेरगं कोठे शे?"

भाईदासनं दोरी सोडली नाही. "पुढला साल भरू."

"पुढला साल? असं कोनी करस का?"

मग त्यानं तिला सांगितलं. तिथंच, झोक्याच्या मागं उभा राहून, तिच्या पाठीला. कापसाचं सांगितलं, घोटभर पाण्याचं सांगितलं, सकाळचं सांगितलं. कोकिळानं तोंडाला पदर लावला. तिलाही माहीत नव्हतं. पोरगी समोर बघत बसली होती. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ द्या आबा, तुमचा काय दोष. जो तो असंच म्हणतो, मीही तेच म्हटलं होतं, आणि त्यानं भाईदासला काडीचा फरक पडला नव्हता.

दिपमाला उठली आणि वळली. आवाज चढवून बोलली, माहेरवाशीण बापाशी बोलत नाही तशी.

"एक रात पानी नई दिनं, म्हनीसन आखं साल तिले तहानली ठेवशी का, आबा?"

भाईदासनं दोरी सोडली. रिकामा झोका हालत राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो वनाच्या दारात गेला. मी सोबत होतो. सांगितलेली डेरगी लोकांनी नेली होती. एक उरलं होतं, भट्टीत एका अंगाला कललेलं, म्हणून कुणी घेतलं नव्हतं. वना म्हणाला, "भाऊ, हाई वाकडं शे. पानी बठ्ठं माव नई." भाईदासनं ते खांद्यावर घेतलं. वना रिक्षा बोलवतो म्हणाला, तर याचं नाही. भर गल्लीतून, सणासुदीच्या रांगोळ्यांमधून, ते मोठं मडकं खांद्यावर घेऊन तो चालला. लोक ओट्यांवरून उठून उभे राहत होते.

घरात दिपमालानं पाट मांडला होता. सांजोऱ्या तिनंच तळल्या होत्या. काही करू द्यायचं नाही हे भाईदासचं म्हणणं तेवढ्यावरच संपलं. वाकड्या अंगाखाली धान्याची रास लावून डेरगं सरळ केलं, कुंकवाची बोटं ओढली. बापाचं, आजाचं नाव घे, असं कोकिळानं सांगितलं, भाईदासनं घेतलं. मग बायकोचं नाव घ्यायचं आलं. त्यानं ते जन्मात घेतलं नव्हतं. दिपमालानी माय, एवढंच म्हणायचा. त्यानं कळशी उचलली. 

"बेबाबाई," तो म्हणाला, "पानी पी."

आणि कळशी वाकवली. ती संपली, दुसरी घेतली. वाकड्या मडक्यात पाणी लवकर काठाला आलं. कोकिळा हळूच म्हणाली, "भाऊ, भरनं." त्याला ऐकू गेलं नाही. पाणी काठावरून सांडलं, कुंकू घेऊन खाली उतरलं, ताज्या सारवलेल्या जमिनीवर पसरलं, कोठीकडं, गोधड्यांकडं निघालं. दीड महिना खपून लावलेलं सगळं भिजायला लागलं. तो ओततच होता. मी पुढं झालो, म्हटलं, "भाईदास, पुरे." त्यानं कळशीच्या तळातलं शेवटचं पाणी ओतलं आणि रिकामी कळशी तशीच वाकवून धरली.

दिपमालानं माझा हात बाजूला केला. मोरीतून भरलेली आणखी एक कळशी आणली आणि बापाच्या हातात दिली.