मखमलीची धूळ

शैलाकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघण्याआधी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. "हे गेले गं..." एवढंच त्या बोलू शकल्या. अमेरिकेतल्या या श्रूजबरीतले आमचे शेजारी मनोहरकाका गेले, त्याला आता महिना उलटून गेला.

२००१ साली आम्ही नागपूरहून इथे आलो, तेव्हा ओळखीतले सगळेच कम्प्युटरवाले. काका तेवढे कापडातले. इचलकरंजीत वाढलेले टेक्स्टाइल इंजिनिअर, जवळच्याच एका मिलमध्ये सुपरवायझर. तिथे नायलॉनच्या धाग्यांचे अगदी बारीक तुकडे करत आणि गोंद लावलेल्या कापडावर ते उभे चिकटवत, की झाली सोफ्याची मखमल. कुणाच्याही घरी गेले की काका आधी सोफ्यावरून उलटा हात फिरवायचे. "लव बघतोय," म्हणायचे, आणि मगच बसायचे.

मग खोकला लागला. कोरडा, चिवट... आधी ॲलर्जीची औषधं झाली, नंतर दम्याची. गणपतीत खणखणीत आरती म्हणणारे काका पहिल्याच कडव्याला थांबू लागले. शेवटी वूस्टरच्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभर तुम्ही कसल्या हवेत असता?" फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं. वर्षानुवर्षं श्वासातून गेलेल्या नायलॉनच्या धुळीनं फुप्फुसं ताठर झाली होती. त्या म्हणाल्या, नोकरी सोडा. झालंय ते भरून येणार नाही, पण पुढचं कदाचित थांबेल.

मुलगी नेहा बोस्टनहून धावत आली. "बाबा, जस्ट क्विट. प्लीज." काकांनी राजीनामा दिला, पण त्यांचं मन स्वस्थ होईना. धागे कापायच्या मशीनवरची रोझाही तशीच खोकायची, आणि "थंडीचा खोकला आहे, जाईल" असं तिला काकांनीच सांगितलं होतं.

शेवटच्या दिवशी मिलमध्ये सगळ्यांना जमवून त्यांनी या धुळीनं काय होतं ते सांगितलं. त्यांना ड्राइव्ह करवत नव्हतं, म्हणून मी नेलं होतं. परत येऊन गाडीत बसले ते कितीतरी वेळ धापाच टाकत होते.

"काय झालं, काका?"

"काही नाही गं. एक जण म्हणाला, तुझी नोकरी गेली, आता आमचीही घालव..." मग म्हणाले, "पण रोझानं डॉक्टरचा नंबर घेतला."

रोझाचा आजार सुरुवातीलाच सापडला. ती त्या कामातून बाहेर पडली आणि हळूहळू तिचा खोकला ओसरला. पुढे मिलनं मशीनवर धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवली. काकांचं नाव कुणी घेतलं नाही, आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही. त्यांचा स्वतःचा आजार मात्र थांबला नाही. काहींचा थांबतो, काहींचा नाही... का, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. अंत्यसंस्काराला रोझा आली होती. काकूंचा हात हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती.

परवा मी काकूंकडे गेले होते. काकांचं ऑक्सिजनचं भाड्याचं मशीन कंपनीनं परत नेलंय. त्याची लांबलचक नळी हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत पसरलेली असायची, आणि तिच्यावर पाय पडू नये म्हणून घरातला प्रत्येक जण जपायचा. काकू चहाचे कप घेऊन आल्या. स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर थबकल्या, आणि रिकाम्या फरशीवरून पाय उचलून अलगद पलीकडे आल्या.