थरथरणारी ताटली

घाणेरडे पदार्थ मी पुष्कळ खाल्लेत आणि त्यांच्या गोष्टी सांगून चांगल्या पंगती नासवल्यात. पण जर्मनीतल्या येना शहरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींच्या खलाद्झेत्सची सर कशालाच नाही. डुकराचे पाय आणि कान सकाळपासून उकळायचे, लसूण घालायचा आणि तो रस्सा बाल्कनीतल्या थंडीत थिजवायचा. जिन्यात वास असा, जणू ओल्या कुत्र्याला कुणी फोडणी दिलीय.

त्या नोव्हेंबरात आजींनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं, मला दुभाषा म्हणूनही. आजी बेलारूसच्या, मुलीपाठोपाठ जर्मनीत आलेल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीला दुसऱ्या महायुद्धात मजूर म्हणून इकडे आणलं होतं. ती घरी परतलीच नाही. इथूनच अमेरिकेला गेली आणि तिथेच वारली. आता तिची नात शिकागोहून आली होती. तिला फक्त इंग्रजी येई, आजींना जर्मन. मध्ये मी.

"अहो, मला ताप आहे म्हणून सांगा," बायको म्हणाली आणि खरोखरच पांघरूण घेऊन पडली.

पाहुणी पस्तिशीची, उंच, पांढऱ्याशुभ्र दातांची. आजी तिला न्याहाळून थकल्या होत्या. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "इंजिनिअरसाहेब, हिच्यात माझ्या बहिणीचं काहीच नाही हो. डोळे नाहीत, हनुवटी नाही. जेवू दे, मग बघू."

ताटली आली. राखाडी, अर्धवट पारदर्शक, टेबलाला धक्का लागला की थरथरणारी. आत कानाचा तुकडा आणि त्यावर तीन केस. मी मोजले.

पाहुणीने काटा खुपसला. पच्! घास तोंडात गेला मात्र, तिच्या वरच्या ओठाचा एक कोपरा नाकाकडे चढला, डावा डोळा मिटला आणि घास रुमालात आला.

"सॉरी," ती मला म्हणाली, "पण शी! मेलेल्या माणसाचा गुडघा चाटल्यासारखं वाटलं."

"काय म्हणाली?" आजींनी विचारलं.

"म्हणाली, अगदी माझ्या आजीच्या हातची चव!" मी ठोकून दिलं आणि पुरावा म्हणून स्वतः मोठा घास गिळला. तो चावावा लागत नाही. आपला आपण सरकतो आणि अर्ध्या वाटेत थांबून मागे वळून बघतो. "झेर गूट! फारच छान!" मी डोळ्यांत पाणी आणून म्हणालो.

आजींचा चेहरा पडला. "माझ्या बहिणीने हे जन्मात गिळलं नाही. टेबलाखाली मांजराला घालायची."

मग काय, सगळं खरं सांगितलं, गुडघ्यासकट. आजी पुढे सरसावल्या. "तिला अजून एक घास घ्यायला सांगा."

"कशाला?"

"तोंड बघायचंय."

बिचारीने घेतला. ओठ चढला, डोळा मिटला. आजींनी टाळीच वाजवली. "तीच! मी आठ वर्षांची होते, पण हे तोंड कशी विसरेन?" हसता हसता रडायला लागल्या. मी पाहुणीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आमची आजी घरात साधी फळांची जेलीसुद्धा येऊ द्यायची नाही. का, ते कधी सांगितलं नाही."

दोघी गळ्यात गळा घालून बसल्या. उरलेलं अख्खं भांडं आजींनी माझ्या हातात दिलं. "तुम्हाला आवडलं ना!"

खाली आलो. बायकोने पांघरुणातून डोकं काढून वास घेतला आणि तिचाही ओठ नाकाकडे चढला. तेवढ्यावर आजींनी तिलासुद्धा नात मानलं असतं.