पायांची ओळख

मी उंच. धुळ्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीला माझं डोकं लागायचं आणि आई म्हणायची, "पुरे आता वाढणं!" जशी काही मी मुद्दामच वाढत होते! स्थळं यायला लागली तशी ही उंची सगळ्यांच्याच डोळ्यांत खुपायला लागली.

पहिलं स्थळ शिरपूरचं. पोहे देताना मी सरळ त्या मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसला. बस्स, एवढंच. पण मी खुळी, महिनाभर त्या हसण्यावर जगले. उशीच्या अभ्र्यावर मोर काढायला घेतला. दारात गाडी थांबल्याचा आवाज आला की काळजात धस्स व्हायचं. मग निरोप आला, मुलगी मुलाच्या वर जाते, जोडा शोभत नाही. मोराची चोच तेवढी राहिली होती, ती राहिलीच. घरात पुढं कितीतरी दिवस सांगायचे की पोरीनं अन्न सोडलं होतं. कसलं सोडतेय! जेवत होते, पण रडत रडत.

माझी आत्या आमच्याकडेच असायची. बालपणीच कपाळ पांढरं झालेलं आणि जिभेला धार. तिनं मला चुलीपुढं बसवलं आणि म्हणाली, "तोंडकडे देखू नको वं पोरी. तोंड देखं का जीव लागस. पाय देख. येतस, खातस, निंघी जातस."

मी ते मनावर घेतलं. चांगलंच घेतलं. पुढं जे जे पाहुणे आले त्यांचे मी फक्त पाय पाहिले. एक जण फैजपूरचा होता, त्याच्या धोतराच्या काठाला केळीच्या चिकाचे काळे डाग होते. एकाच्या टाचांना ही एवढाली भेगाडं. एक जण सारखा अंगठा हलवायचा. बायका मला भिंतीशी उभं करत, "हात खाली सोड गं, मान वर कर," म्हणत. मी मान वर करायचे आणि नजर खाली ठेवायचे. नकार आला की आई पदर डोळ्यांना लावायची आणि मी खुशाल ताक घुसळत बसायचे. पायांसाठी कोण रडतंय? मला माझाच अभिमान वाटायचा.

शेवटी जळगावच्या एका घरानं होकार दिला. मुलगा पाचोऱ्याला कापसातली सरकी काढायच्या जिनात कारकून. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, सगळ्या जणी म्हणाल्या, "बघ की गं वर!" मी हार घातला तो अंदाजानंच. नजर खालीच. मला दिसली ती हळद लागलेली पावलं, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. सगळे म्हणाले, पोर लाजाळू आहे. लाजाळू कसली? आता पाहायला हरकत नव्हती, पण मानच वर होईना. मनात एकच, हाही जाईल.

आणि ते जायचेच. शनिवारी रात्री जळगावला यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं पाचोऱ्याला. सासू-सासऱ्यांपुढं माझा पदर नाकापर्यंत, आणि एकांतात दिवा मालवलेला. एकदा त्यांनी माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या. मी नजर न उचलता त्या घेतल्या आणि जाऊन सासूबाईंच्या पुढ्यात ठेवल्या. त्यानंतर त्यांनी पुन्हा काही आणलं नाही. सोमवारी ते गेले की मी अंथरूण गुंडाळायचे, आणि इतकं रितं रितं वाटायचं की घागर भरलेली असतानाही विहिरीवर जायचे. पण कुणाची आठवण काढत रडावं, तर डोळ्यांपुढं चेहराच यायचा नाही.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग खानावळीचं खाऊन त्यांचं पोट बिघडलं, तशी सासूबाईंनी मला पाचोऱ्याला बिऱ्हाड करायला धाडलं. शेजारच्या एका म्हातारीची सोबत होती, ती पुढं चाळीसगावला जायची. पाचोऱ्याला तिनं मला उतरवलं, माझी ट्रंक खाली सरकवली आणि गाडी निघून गेली.

मी ट्रंकेवर बसले आणि पाय पाहू लागले. त्यांच्या वहाणा मी हजारांत ओळखल्या असत्या, डाव्या वहाणेला आडवं ठिगळ होतं. किती पाय गेले! ठिगळ काही येईना. फलाट रिकामा होत आला तसा माझा जीव घाबरा झाला. त्यात एक माणूस माझ्यापुढं येऊन उभा राहिला, काळे बूट, कोरे करकरीत. हलेचना मेला! मी पदर सावरला आणि फणकाऱ्यानं म्हटलं, "भाऊ, जरा बाजूला व्हा की! आमची माणसं यायची आहेत, दिसत नाहीत मला."

ते बूट हलले नाहीत. मग वरून आवाज आला, हळू.

"अगं, मीच तो."

आवाज मी ओळखला. नवऱ्याला भाऊ म्हटलं! धरणी पोटात घेईल तर बरं! मी वर पाहिलं, भर उन्हात, पहिल्यांदा. रागावलेले असतील असं वाटलं होतं. ते रागावलेले नव्हते. नव्या बुटांतला तो माणूस मान बाजूला करून रुळांकडे पाहत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. डाव्या भुवईवर एक जुनी खोक होती.

"हे कधी लागलं?" मी ट्रंकेवरून उठत विचारलं.

"लहानपणी. विटी लागली होती," ते म्हणाले, आणि ट्रंक उचलायला वाकले.

मला हुंदका आवरेना. मी त्यांची बाही धरली आणि म्हटलं, "थांबा. मला आधी नीट पाहू द्या."

त्यांनी ट्रंक तशीच राहू दिली आणि ते हात खाली सोडून, मान वर करून उभे राहिले.