चेकरसाहेबांच्या चुका

माधवराव दामल्यांची चूक तोंडाने काढायची नसते, हे दशरथ ओव्हाळ नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकले. भोसरीतला पंपांचा कारखाना, साल एकोणऐंशी. ड्रॉइंग ऑफिसात बारा टेबलं होती. ओव्हाळ ट्रेसर, माधवराव चेकर. ओव्हाळांनी काढायचं आणि माधवरावांनी लाल पेन्सिलीने तपासायचं, असा शिरस्ता. पण चेकरच्या नजरेतूनही कधी एखादं माप निसटायचं. तेव्हा खालच्या माणसाने बोलायचं नाही. चुकलेल्या मापाशेजारी शिसपेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायचा आणि कागद गुपचूप परत ठेवायचा. चेकर ठिपका खोडायचा, माप सुधारायचा, विषय संपायचा.

दोन हजार एक साली बारा टेबलांच्या जागी चार संगणक आले. दोघांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ओव्हाळांनी दापोडीत झेरॉक्सचं दुकान टाकलं. माधवराव कोथरूडच्या आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि जिन्यात नोटिसा लावू लागले.

पुढे ओव्हाळांचा मुलगा संजय हिंजवडीत नोकरीला लागला. वडील दुकान बंद करून घरी बसले, तेव्हा त्याने आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला आणि त्यावर एक स्वस्तातला गेम टाकून दिला. सोळा मजली तळघर. वरून सुरुवात करून खाली उतरत जायचं. दोघांनी खेळायचा, आपापल्या घरून, इंटरनेटवर. एकाच्या हातात तलवार, दुसऱ्याच्या हातात मशाल. गेम इतका गरीब की त्यात नकाशासुद्धा नव्हता.

"नकाशा नाही?" ओव्हाळांनी जोडीला खेळायला बोलावलं तेव्हा माधवराव फोनवर म्हणाले. "मग आपण कशाला आहोत?"

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता दोघे कानाला हेडफोन लावून तळघरात उतरू लागले. ओव्हाळ मशाल धरत आणि हाताशी ठेवलेल्या आलेख कागदावर भिंती काढत. खेळ संपला की कागदावर तारीख घालून फोटो पाठवत. माधवराव तो तपासून, लाल खुणा करून परत पाठवत.

"ओव्हाळ, ही मशाल आहे की उदबत्ती?"

"साहेब, आपण जरा मागे सरकलात तर उजेड पडेल."

"आणि हे सांगाडे बघा. एकच ट्रेसिंग काढून चाळीस छापलेत. आपल्याकडे असता तर मेमो दिला असता."

ओव्हाळांच्या पत्नी सुंदराबाई स्वयंपाकघरातून ऐकत. "पंधरा वर्षं झाली नोकरी सुटून," त्या म्हणत, "आणि अजून आपलं साहेब, साहेब."

मे महिन्यात माधवरावांनी पाचव्या मजल्याच्या नकाशात एक बरोबर असलेली भिंत लाल केली. ओव्हाळांनी तिच्याशेजारी ठिपका देऊन फोटो परत पाठवला. तासाभरात उत्तर आलं, "बरोबर." जूनमध्ये ठिपक्यांनाही चुकीची उत्तरं येऊ लागली. मग ओव्हाळ ठिपका न देता स्वतःच कागद सुधारून ठेवू लागले. पावसाळ्यात माधवराव सातव्या मजल्यावरच्या एकाच खड्ड्यात तीनदा पडले. पुढच्या वेळी तो खड्डा आला, तेव्हा ओव्हाळ मुद्दाम दोन पावलं पुढे धावले आणि आधी स्वतः पडले.

"डोळे कुठे ठेवलेत, ओव्हाळ?"

"चुकलं, साहेब."

खेळ माधवरावांच्या संगणकावर साठवलेला असे. दिवाळीनंतर ते दरवेळी नव्याने पहिल्या मजल्यापासून सुरू करू लागले. नवव्या मजल्यापर्यंत आपण पोचलो होतो, हे ओव्हाळांनी सांगितलं नाही. ते पुन्हा पहिल्या मजल्याचा कागद काढून बसत. वयानुसार होतं, असं ते मनाशी म्हणत. शिवाय चेकरला सांगायचं ते कोणी?

जानेवारीत माधवराव स्कूटरवरून मंडईत भाजी आणायला गेले. परतताना कोथरूडचा रस्ता त्यांना सापडला नाही. ते सोलापूर रस्त्याला लागले आणि जातच राहिले. लोणीच्या पुढे दुभाजकाला धडकून पडले. एका टेम्पोवाल्याने त्यांना उचललं. त्यांच्या मुलीला, दीपालीला, संध्याकाळी फोन गेला तेव्हा घर सोडून त्यांना सात तास झाले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. पिशवीत मेथीच्या दोन जुड्या होत्या.

चार दिवसांनी दीपालीने ओव्हाळांना फोन केला.

"काका, डॉक्टर विचारतायत हे कधीपासून आहे. मी तर महिन्यातून दोनदा येते. आठवड्याला दोन-दोन तास बाबा तुमच्याशी बोलतात. तुम्हाला काही जाणवलं होतं?"

"नाही बुवा," ओव्हाळ म्हणाले. "तसं विशेष काही नाही."

फोन ठेवल्यावर सुंदराबाई दारात उभ्या होत्या. "तुम्ही मुद्दाम खड्ड्यात पडत होतात, ते विशेष नव्हतं का?"

दुसऱ्या दिवशी ते आलेख कागदांची गुंडाळी घेऊन बसने कोथरूडला गेले. माधवराव आतल्या खोलीत झोपले होते. दीपालीने कागद जेवणाच्या टेबलावर पसरले. ओव्हाळांनी एकेक तारीख दाखवली. ही पहिली चूक. हा पहिला ठिपका, ज्याला चुकीचं उत्तर आलं. हा खड्डा.

दीपालीने पहिल्याच कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"मे," ती म्हणाली. "आणि बाबा जानेवारीपर्यंत गाडी चालवत होते."

"हो."

"डॉक्टर म्हणाले, औषधाने फार फरक पडला नसता. पण गाडीची किल्ली तरी मी काढून घेतली असती ना, काका?"

चहा आला. दोघांनीही घेतला नाही.

निघताना तिने एकच गोष्ट मागितली. बाबा पलंगावर लॅपटॉप घेऊन खेळतील. पण आता झाकायचं नाही. चुकले की तिथल्या तिथे सांगायचं, लिहून ठेवायचं आणि यादी तिला पाठवायची. ओव्हाळांनी कबूल केलं.

फेब्रुवारीत पुन्हा खेळ सुरू झाला.

"साहेब, डावीकडे वळायचं होतं."

"हं."

"साहेब, हे दार आपण आत्ताच उघडलंय. आत काही नाही."

"माहितीये मला."

"साहेब, पुढे खड्डा आहे."

मशालीची, उदबत्तीची, मेमोची भाषा थांबली. हेडफोनमधून नुसता श्वास ऐकू येई. ओव्हाळ सांगत राहिले, लिहीत राहिले. तिसऱ्या आठवड्यात माधवराव पंधरा मिनिटांत उठले. चौथ्या आठवड्यात मंगळवारी ते आलेच नाहीत.

दीपालीचा फोन आला. "काका, बाबा नको म्हणतायत."

"पाय दुखतोय का?"

"नाही. म्हणतात, तो नवा माणूस फार चुका काढतो. त्याच्याबरोबर नको. ओव्हाळला बोलवा, म्हणतात."

ओव्हाळांनी समोरचा आलेख कागद उलटा करून ठेवला.

"काका, ऐकताय ना? डॉक्टरांना यादी अजून हवीय. पण तुम्ही बोलू नका आता. नुसतं लिहा. जमेल?"

"जमेल."

शुक्रवारी अकरा वाजता ओव्हाळ हेडफोन लावून बसले. माधवरावांनी पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली होती. ते भिंतीवर आदळले, मागे फिरले, आलेल्या वाटेनेच पुन्हा गेले. ओव्हाळ मशाल धरून मागोमाग चालत होते. तासाभरात त्यांनी कागदावर चौदा चुका लिहिल्या, प्रत्येकीपुढे वेळ घातली आणि तोंडातून शब्द काढला नाही.

"आज बरं खेळलात, ओव्हाळ," माधवराव म्हणाले. "इतके दिवस होतात कुठे?"

"गावी गेलो होतो, साहेब."

मग त्यांनी चौदा ओळींचा फोटो काढला आणि दीपालीला पाठवून दिला.