सुनंदाबाईंनी रंगाचा डबा परत पाठवला

जळगावजवळच्या असोद्यात सुनंदाबाईंच्या बाथरूमला दर दिवाळीला नवा रंग लागायचा आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत तो भिंत सोडायचा. आधी फुगे, मग पोपडे, मग बुडाशी पांढरा खार. त्यांचे यजमान जीवरामआबा केळीच्या बागेतून आले की झाडूने पोपडे पाडायचे, वर रंगाचा आणखी एक हात मारायचे आणि म्हणायचे, "झाली नवी."

यंदा लेक मोहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती, दार उघडलं की कुबट वास यायचा. आबांनी जळगावहून रंगाचा डबा आणला, तो सुनंदाबाईंनी उघडूच दिला नाही.

"परत करा हा. पानी कुठून येते ते समजल्याबिगर या भितीले रंग लागनार नही."

"अव, आंघोळीची वाफ हाये ती."

"वाफ हाये का दुसरं काही, ते मी पाहाते."

बागेतली ठिबकची नळी कुठे फुटली ते नुसता मातीला हात लावून सांगणारी ही बाई. तिने स्वयंपाकघरातलं जुनं उलथनं घेतलं आणि भिंत खरवडून काढली. मग साखरेची रिकामी प्लास्टिकची पिशवी कापून तिचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवला. वाफ असली तर प्लास्टिक वरून ओलं होईल, पाणी भिंतीतलं असलं तर आतून. दोन दिवसांनी वरची बाजू कोरडी होती आणि आत थेंब साचले होते.

भिंतीच्या पलीकडे धाकट्या दिराचं, लीलाधरचं घर होतं. भिंत दोघांत एकच आणि तिला टेकून त्याचा पाण्याचा हौद. वाटणीच्या वेळी विहिरीवरून भावाभावांत शब्द वाढला होता, तेव्हापासून दोन्ही घरांचं जाणंयेणं बंद होतं. आबा म्हणाले, "त्याच्या दारात जाऊ नको." सुनंदाबाईंनी पदर खोचला आणि गेल्या.

लीलाधर ओट्यावर बसला होता. त्याची बायको लताबाई दाराशी आली.

"लीलाधरभाऊ, तुमच्या हौदातलं पानी आमच्या भितीत उतरते. थोडे दिवस हौद रिकामा ठेवा, एवढंच सांगाले आली."

"आमचा हौद पक्का हाये, वहिनी. खापर फोडाले आमचंच डोकं दिसलं का?"

"पक्का असला तं रिकामा ठेवल्यानं त्याचं काय बिघडते?"

लीलाधर उठून आत गेला. पण दुपारी हौदाची बुची निघाल्याचा आवाज भिंतीतून सुनंदाबाईंना ऐकू आला. बायकोने रिकामा केलेला हौद लीलाधरने पुन्हा भरला नाही.

काही दिवसांत भिंत वरून सुकत आली. कडेचा काळपटपणा गेला. पण नळाच्या खाली परातीएवढा डाग होता तसाच राहिला. उलट बाकीचं सुकल्यावर तो जास्तच डोळ्यांत भरू लागला. सुनंदाबाईंनी प्लंबर प्रेमराजला बोलावलं. त्याने तिथला गिलावा फोडला तर आतला पाइपाचा जोड ठिबकत होता.

"आता हे त्याले सांगू नको," आबा हळूच म्हणाले.

"काहून? त्याचं त्याले सांगितलं तसं आपलंही सांगावं लागीन."

जोडाला लावलेल्या ओल्या हातानेच सुनंदाबाई पुन्हा पलीकडे गेल्या. "भाऊ, अर्धं पानी तुमचं होतं, अर्धं आमचंच निघालं. आमचा नळ दुरुस्त होतोय. तुमचा हौदही आतून पाहून घ्या."

लीलाधरने हौदाचं झाकण सरकवून आत पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही आल्या नसत्या तं मले समजलंही नसतं, वहिनी." त्याने हौदात उतरून भेग शोधली आणि सिमेंटने बुजवून घेतली. एका संध्याकाळी आबा स्वतःच तिकडे गेले. दोघे बराच वेळ केळीच्या भावावर बोलले.

मोहिनी आली तेव्हा भिंत नुसत्या गिलाव्यावर होती. आबांना घाई झाली, सुनंदाबाई ढळल्या नाहीत. ओल्या भिंतीवर रंग म्हणजे पुन्हा तेच. त्यांनी थंडीसाठी बुजवलेला झरोका उघडला आणि आंघोळ झाली की दार उघडं ठेवायचं, असं सगळ्यांना बजावलं.

मोहिनीला मुलगी झाली. भिंत अजून ओली, तेव्हा बाळाला न्हाऊ घालायचं कुठे, हा प्रश्न लताबाईनेच सोडवला. "आमच्याकडं आना. माही न्हानी कोरडी हाये," ती म्हणाली आणि पाणी तापवायला लागली. पाय लांब करून तिने बाळाला पायांवर घेतलं, तेल चोळलं. लीलाधर दाराबाहेर शेकोटीत लाकडं सारत होता. मोहिनी उंबऱ्यावर बसून काकूचे हात बघत होती. या घरात ती किती वर्षांनी आली होती.

होळीच्या सुमारास, उन्हं तापल्यावर, सुनंदाबाईंनी पुन्हा प्लास्टिकचा तुकडा लावून पाहिला. दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या. मग त्यांनी आबांना रंग आणायला सांगितलं, आणि रंग कोणता घ्यायचा ते मोहिनीला विचारलं. तिने फिका निळा सांगितला.